स्रोत खडक, मुक्काम युसूफ वडगाव

माझ्या एम.एस्सी.चा आमच्या घरात एकच उपयोग होत आला आहे. पोरांनी काय शिकू नये हे दाखवायचं असलं की माझा धाकटा भाऊ शहादेव माझ्याकडं हनुवटी करतो. "दादाकडं बघा," एवढं म्हटलं की त्याचं काम भागतं. मी भूगर्भशास्त्राचा एम.एस्सी. आहे. विद्यापीठात दुसरा आलो होतो. वर्गात आम्ही सहाच जण होतो, हे मी सहसा सांगत नाही. आणि इतकी वर्षं शेजारच्या गावच्या हायस्कुलात भूगोल शिकवतो आहे. भूगोलाच्या पुस्तकात दगडांना एक धडा असतो. तो संपला की मी पोरांना आयात-निर्यात शिकवतो.

पूर्वी मी बोलायचो. नोकरी लागली त्या सुरुवातीला दिसेल त्याला खडक समजावून सांगायचो. लोक ऐकून घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, "मग ह्याच्यात पानी कुठं हाय?" पाणी सांगता आलं नाही की ते उठून जायचे. हळूहळू मी गप झालो. शिक्षकाला न बोलता राहता येतं, हे बाहेरच्या माणसाला पटणार नाही, पण जमतं.

फक्त शहादेवची मुलगी उज्ज्वला लहान होती तेव्हा तिच्यापुरता मी बोललो. तिला उकिरड्यापाशी उभं करून कोळसा शिकवला. वरचं ताजं शेण आणि पाचट म्हणजे नुकतंच पडलेलं रान. त्याखालचं दबून काळपट झालेलं म्हणजे पीट. आणखी दाब, आणखी काळ, की लिग्नाइट, मग बिटुमिनस. "आन एकदम तळाला?" तिनं विचारलं. तळाला गेल्या सालचं खत होतं. मी अँथ्रासाइट म्हणालो.

त्याची फळं यंदा आली. उज्ज्वला बी.एस्सी. झाली आणि विद्यापीठात एम.एस्सी.ला तिचा नंबर लागला. विषय भूगर्भशास्त्र. शहादेवनं ते ऐकलं आणि दुधाची किटली खाली ठेवली.

"बी.एड. कर, नर्सिंग कर, बँकेच्या परीक्षा दे. शिकू नगं म्हनलो का मी? पन दगड न्हाई. एका घरात एक दगडवाला बास झाला."

मी तिथंच चहा पीत बसलो होतो. उज्ज्वलानं माझ्याकडं बघितलं. ती मला मोठे पप्पा म्हणते, आणि मोठ्या माणसानं अशा वेळी चार शब्द बोलायचे असतात. मी चहात बिस्कीट बुडवलं. ते मोडून कपात पडलं, आणि मी ते काढण्यात बराच वेळ घालवला.

आता बोअरचं सांगतो, कारण इथून पुढं सगळं त्या भोकातूनच निघालं.

उन्हाळ्यात शहादेवला म्हशींसाठी गोठ्यामागं बोअर घ्यायचं होतं. तो पाणाड्याला बोलावणार होता. तळहातावर नारळ आडवा धरून चालायचं, नारळ उभा राहिला की पाणी, अशी त्या माणसाची पद्धत. घरात एम.एस्सी. असताना नारळ आणायचा, हे मला लागलं. मी म्हणालो, पॉइंट मी काढतो. विद्यापीठातला हातोडा पेटीतून काढला, दोन दिवस शिवार पालथं घातलं, उतार बघितला, खडकाच्या भेगांच्या दिशा बघितल्या, आणि गोठ्याच्या मागच्या कोपऱ्यापासून दहा-बारा फुटांवर खूण केली. गाडी आली. वरचा मुरूम गेला, मग काळा पाषाण लागला, आणि पाचशे फुटांपर्यंत काळा पाषाणच राहिला. पाणी सोडा, ओलसुद्धा नाही. सगळा धुरळा आमच्या अंगणात, म्हशींच्या पाठीवर आणि माझ्या चष्म्यावर बसला.

शहादेव मला एक शब्द बोलला नाही. तो चिडला असता तर बरं झालं असतं. आमचा शेजारी नवनाथ, ज्याचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे, तो मात्र बोलला. "सर, हातोड्याच्या जोडीला एक नारळ ठिवायला पाह्यजे व्हता."

पाऊस लागून गेल्यावर हाच नवनाथ एका संध्याकाळी कोरड्या बोअरचा केसिंग पाइप उपसून काढता येतो का ते बघायला आला. पाइपावर वाकला, आत डोकावला, काही दिसेना म्हणून विचार करायला बिडी काढली आणि काडी ओढली. भप्प असा आवाज झाला. नवनाथच्या भुवया त्या दिवसापासून नव्यानं येत आहेत.

मी धावत गेलो. पाइपाच्या तोंडावर हातभर ज्वाळा उभी होती, खाली निळी आणि वर पिवळी. खरं तर नवनाथ भाजला का, हे आधी बघायला पाहिजे होतं. माझ्या मनात पहिलं वाक्य आलं ते असं की माझा पॉइंट चुकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी नवनाथनं पाइपाला टोपण बसवलं, त्याला कॉक आणि बारीक नळी जोडली, आणि काडी लावली की जळणारा बोअर गावाला दाखवायला लागला. पुढचे आठ-दहा दिवस आमच्या गोठ्यामागं जत्रा होती. कुणी हळदकुंकू वाहिलं, कुणी नारळ फोडला, म्हणजे नारळ शेवटी आलाच. लिंबागणेशहून गाडी करून लोक आले. कड्याहून कारखान्यातली माणसं आली आणि ज्वाळेबरोबर फोटो काढून गेली. आणि सगळे मला विचारत होते, "सर, हे काय हाय?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी मला पाणी सोडून दुसरं काही विचारत होतं. मग मी काय थांबतो. खुर्ची टाकून बसलो आणि पहिल्यापासून सुरू केलं.

जमिनीत तेल किंवा वायू सापडायला पाच गोष्टी लागतात, मी सांगायचो. पहिला स्रोत खडक. समुद्राच्या, तळ्याच्या गाळात मेलेले जीव गाडले जातात, त्यांचा जो चिकट अंश खडकात अडकून राहतो त्याला केरोजेन म्हणतात. ते तेल नव्हे, तेल होण्याआधीची अवस्था. त्याला योग्य ऊब मिळाली तर त्याचं तेल होतं. ऊब कमी पडली तर ते कच्चं राहतं, जास्त झाली तर तेल मोडून नुसता वायू उरतो. या मधल्या बेताच्या उबेला तेलखिडकी म्हणतात. मग दुसरं, स्थलांतर. तयार झालेलं तेल-वायू हलकं असतं, ते भेगांतून वर सरकतं. तिसरा साठवण खडक, वाळूच्या दगडासारखा, ज्याच्या छिद्रांत ते भरून राहतं. चौथा झाकण खडक, जो त्याला वर निसटू देत नाही. आणि पाचवा सापळा, म्हणजे खडकांचा असा घुमटासारखा आकार, की आलेला वायू तिथंच अडकावा.

केरोजेनपाशी मी नेहमी जरा थांबायचो. मी स्वतः इतकी वर्षं त्याच अवस्थेत होतो, असं मला वाटायचं. माल होता, ऊब मिळाली नव्हती.

"पन सर, आपल्याकडं तर सगळा काळा पाषाण," एकानं बरोबर विचारलं. "लाव्ह्याचा दगड. त्याच्यात मेलेले जीव कुठून आले?"

याचं खरं उत्तर 'आले नाहीत' असं होतं, आणि तिथंच थांबायला हवं होतं. पण शिकलेल्या माणसाला आपली चूक शास्त्रीय भाषेत मांडता येते. मी म्हणालो, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा आला खरा, पण तो कशावर आला? त्याच्या खाली त्याहून जुने गाळाचे खडक दबलेले असू शकतात. हे तर पुस्तकातही आहे. त्यांच्यात तयार झालेला वायू भेगेभेगेनं वर आला, आणि ती भेग नेमकी माझ्या पॉइंटखाली होती. लाव्ह्याचा थर आमच्याकडं काहीशे मीटर जाड असणार आणि बोअर पाचशे फुटांवर थांबलेलं, ही अडचण मला दिसत होती. मी तिच्याकडं बघत नव्हतो.

दुसरी अडचण वासाची. ज्वाळा विझवली की सडक्या अंड्यासारखा वास यायचा. त्याचंही मी निस्तरलं. जगात काही विहिरींचा वायू गंधकाचा असतो, तेलाच्या धंद्यात त्याला आंबट वायू म्हणतात, हे मी लोकांना सांगितलं. गोठ्यामागं उभे राहून लोकांनी मोठ्या आदरानं तो वास घेतला. माझी बायको वनिता एकटी नाकाला पदर लावून म्हणाली, "मला तर हा वळखीचा वास वाटतो." मी तिला शास्त्रात न पडण्याचा सल्ला दिला.

या सगळ्यात शहादेव मागं भिंतीला टेकून उभा असायचा. पोरं मला 'साहेब' म्हणायला लागली तेव्हा तो हसलाही. आणि एका संध्याकाळी, अंगणात गर्दी असताना, तो सगळ्यांदेखत म्हणाला, "दादाच्या शिक्षनातून एवढं निघतंय तर जाऊ दे मग पोरगी. दगड तर दगड."

उज्ज्वला चुलीपाशी तिच्या आईला, अंजनाला, भाकरीचं पीठ मळून देत होती. तिच्या हातातली परात खाली गेली. मला वाटलं, जमलं. माझ्या आयुष्यात एकदा काहीतरी जमलं आणि त्यातून या पोरीचं भलं झालं. त्या रात्री मी फार शांत झोपलो.

प्रवेशासाठी तिला पुढच्या आठवड्यात हजर व्हायचं होतं. त्याआधीच्या रविवारी सरपंचांनी पारावर सभा ठेवली होती. तालुक्याहून एक साहेब येणार होते, वर्तमानपत्राचा माणूस येणार होता, आणि मुख्य भाषण माझं. मी खडूनं रंगीत आकृत्या काढून फळा तयार ठेवला होता.

सभेच्या आदल्या दिवशी सकाळी उज्ज्वला मला बोअरपाशी घेऊन गेली.

"मोठे पप्पा, तुम्ही फक्त ज्वाळेकडं बघा," ती म्हणाली आणि गोठ्यात गेली. मी बघत राहिलो. ज्वाळा वीतभर होती. गोठ्यातून बादली ओतल्याचा आवाज आला. ज्वाळा हातभर झाली आणि थोड्या वेळानं परत खाली बसली.

"योगायोग," मी म्हणालो.

तिनं दुसरी बादली ओतली. ज्वाळा पुन्हा वर गेली. तिसऱ्या बादलीला मी योगायोग म्हणालो नाही. ती बाहेर आली, ओढणीचं टोक पिळत.

"गोठा धुतलेलं पाणी कोपऱ्यातल्या त्या भोकात जातं ना," ती म्हणाली. "मी आठवडाभर बघतेय. सकाळी गोठा धुतला की ज्वाळा उठते. संध्याकाळी धुतला की उठते. दुपारी शांत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या वायूला पप्पांच्या गोठा धुण्याची वेळ कशी कळते?"

मी म्हणालो, जमिनीतले दाब गुंतागुंतीचे असतात. एवढ्यात आमची वनिता पाण्याचा डबा घेऊन संडासाकडं गेली. आम्ही दोघांनी अवघडून ज्वाळेकडंच बघितलं. थोड्या वेळानं आत पाणी ओतल्याचा आवाज आला. आणि माझ्या डोळ्यांदेखत ज्वाळा गुडघ्याएवढी होऊन फडफडली.

तेव्हा मला आठवलं.

मी औरंगाबादला शिकत होतो त्या काळात आमच्या वडलांनी, अर्जुनरावांनी, सरकारी योजनेतून गोबर गॅस बांधला होता. जमिनीत पक्का घुमट. त्याला संडास जोडला तर योजनेत जास्तीचं अनुदान मिळत होतं, म्हणून वडलांनी संडास जोडला. सुट्टीला आलो की मीही तो वापरायचो, गावातला पहिला संडास म्हणून तोऱ्यात. पण आईला ही जोडणी कळली त्या दिवशी तिनं शेगडी उचलून अंगणात ठेवली. "ह्या जाळावर देवाचा निवद शिजणार न्हाई," एवढंच ती म्हणाली. वडलांनी खूप समजावलं, की जाळ तो जाळ. आई चुलीपाशी बसून राहिली. आठवडाभरानं वडील हरले. चारचौघांत हसं होऊ नये म्हणून गावाला सांगितलं, टाकी फुटली. मला पत्रात कळवलं, काढून टाकली. त्यानंतर त्या गॅसचं नाव आमच्या घरात कुणी घेतलं नाही.

काढून कुठली टाकली होती. वर शहाबादी फरशी ठेवली, मुरूम लोटला, आणि काही वर्षांनी त्या जागेलगत नवा गोठा उठला. जुन्या टाकीचं तोंड गोठ्याच्या कोपऱ्यात राहिलं, त्यात पाणी पडलं की आतला गॅस बाहेर ढकलला जात होता. आणि अलीकडं आम्ही नवा संडास बांधला, तेव्हा शहादेवनं खड्ड्याचं काम एका दिवसात उरकलं होतं. मी त्याची पाठ थोपटली होती. खड्डा खांदावाच लागला नव्हता, हे आत्ता माझ्या लक्षात येत होतं. मी लोकांना लाव्ह्याच्या तळाशी काय आहे ते सांगत होतो, आणि आमच्या संडासाचं पाणी कुठं जातं ते मला ठाऊक नव्हतं.

मी कॉक बंद केला आणि खाली बसलो. उज्ज्वलाही बसली.

"कुणाला बोललीस?"

"न्हाई. आधी तुम्हाला."

"मग असं कर," मी म्हणालो, "उद्याची सभा होऊ दे. तू जा, प्रवेश घे. दिवाळीला आलीस की आपण हळूच सांगू, वायू संपला म्हणून. काही वायू संपतात."

 तिला जायचं होतं. ते तिच्या तोंडावर इतकं स्पष्ट दिसत होतं की मला माझ्या सल्ल्याची लाज वाटली, पण मी तो मागं घेतला नाही.

"वर्गात पहिल्या दिवशी उभं करून विचारतील, कुठून आलात," ती म्हणाली. "तोवर पेपरात आलेलं असेल. वडगावच्या बेसाल्टमध्ये वायू सापडला म्हणून. मी काय सांगू? सर हसतील. आन मला म्हाईत असून मी हो म्हनू?"

"खरं सांगितलं तर शहादेव तुला पाठवायचा नाही."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "तुम्ही नका सांगू. मी सांगते उद्या."

मला तेव्हा जे वाटलं ते सांगतो. पहिल्यांदा राग आला. दहा दिवस साहेब होतो, आणि ही पोरगी उठून मला परत सर करणार. मग कळलं, की मी उकिरड्यापाशी तिला जे शिकवलं त्यातलं अँथ्रासाइट तिनं केव्हाच टाकून दिलं होतं आणि बाकीचं ठेवलं होतं. तिनं उभं राहून माझी चूक सांगायची आणि मी फळ्यापाशी बसून ऐकायचं, हे होऊ देणं मात्र फारच झालं असतं. मी म्हणालो, "तू नको. भाषण माझं आहे."

रविवारी पारावर बाजाराची अर्धी गर्दी जमली होती. तालुक्याचे साहेब आले नाहीत, देवानं तेवढी दया केली. वर्तमानपत्राचा माणूस आला होता. शहादेव पुढच्याच रांगेत, धुतलेला सदरा घालून बसला होता. 

मी पाचही शब्द फळ्यावर लिहिले. म्हणालो, "मी तुम्हाला आठवडाभर या पाच गोष्टी सांगितल्या. त्या पाचही बरोबर आहेत. फक्त जागा चुकली होती. आज दुरुस्त करतो."

पहिल्या शब्दावर छडी ठेवली. "स्रोत खडक. आमच्या गोठ्यातल्या म्हशी. आणि माफ करा, आमच्या दोन्ही घरची माणसं. यात मी स्वतः धरलेला आहे." लोकांना अजून कळलं नव्हतं. "साठवण, म्हणजे माझ्या वडलांनी बांधलेली गोबर गॅसची टाकी. झाकण खडक म्हणून शहाबादी फरशी, तीही त्यांनीच टाकली. सापळ्याला घुमट लागतो, तो सरकारी मापाचा आहे. स्थलांतर घुमटाच्या तड्यातून मुरमात, मुरमातून बोअरमध्ये, अंतर दहा-बारा फूट. काळ कोटी वर्षं लागत नाही. सकाळी गोठा धुतला की पुरे."

लोकांनी फळा पुन्हा वाचला. मग मागून कुणीतरी विचारलं, "म्हंजी सर, आमी नारळ कुठं फोडला?"

त्यानंतर जे हसू फुटलं ते मला अजून रस्त्यानं जाताना ऐकू येतं. नवनाथ तर खांबाला धरून बसला. "आंबट वायू, बे," तो शेजारच्याला सांगत होता, "मी लई वढून घेतला बे." हसू जरा ओसरल्यावर मी म्हणालो, "हे शोधलं उज्ज्वलानं. मला तीन बादल्या लागल्या पटायला." कुणी ते ऐकलं की नाही, मला माहीत नाही. मी शहादेवकडं बघत होतो. तो हसत नव्हता. उठला, सदरा झटकला आणि घराकडं चालायला लागला.

उज्ज्वलानंही ते बघितलं. तिनं मान खाली घातली.

मी फळा तिथंच टाकून त्याच्या मागं गेलो. तो गोठ्यात म्हशीखाली बसला होता. धार काढत होता. मी खांबाला धरून उभा राहिलो आणि जे पाठ करून आलो होतो ते सगळं विसरलो.

"चूक माझी आहे, शहादेव," मी म्हणालो. "पोरीची नाही. तिनं तर..."

"मला पैल्याच दिवशी म्हाईत व्हतं, दादा," तो म्हणाला. त्यानं वर बघितलं नाही. "संडासाची नळी मीच जोडली की त्याच्यात."

मी काही वेळ म्हशीकडं बघत राहिलो. म्हशीलाही माहीत असावं असं मला वाटलं.

"मग बोलला कावून न्हाईस?" मी मोठा झाल्यावर पहिल्यांदाच असं गावाकडचं बोललो असेन.

"तू लई दिसांनी बोलत व्हतास."

तो धार काढत राहिला.

"तू आवरंगाबादहून आलतास तवा किती बोलायचास. धुऱ्यावरचा दगड उचलून माझ्या हातात द्यायचास, हे बघ, ते बघ. मला काय कळायचं न्हाई, पन बरं वाटायचं. मंग तू गप झालास. जेवायला बसला तरी गप. मला वाटायचं, हे शिक्षनच असलं आसंल. पोरगी जाईल, आन तुझ्यावानी गप व्हऊन माघारी यील. म्हनून न्हाई म्हनत व्हतो मी. तुला कमी लेखायला न्हाई."

 इतकी वर्षं मी समजत होतो की हा हनुवटी करून माझा अपमान करतो. तो माझी काळजी करत होता, आणि मी तर खडकांच्या आतलं ओळखणारा माणूस.

"आन तू परवा सगळ्यांम्होरं बोललास, पोरगी जाऊ दे म्हणून," मी कसंबसं म्हणालो. "तेव्हाही माहीत होतं?"

"व्हतं की. शेन हाय हे म्हाईत असूनच बोललो." त्यानं किटली बाजूला सरकवली. "आता सभेत न्हाई बसवलं मला. तू उभा ऱ्हाऊन सोताचं हसं करून घेत व्हतास, मला बघवंना. म्हनून आलो उठून. तिला सांग, ब्याग भरायला घी."

सांगायची गरज नव्हती. उज्ज्वला गोठ्याच्या दारात उभी होती, कधी आली होती कोण जाणे. ती आत आली नाही. दाराच्या चौकटीला टेकून तोंडावर ओढणी धरून उभी राहिली. शहादेवनंही तिच्याकडं बघायचं टाळलं. आमच्या घरात असल्या वेळी सगळे म्हशीकडं बघतात.

"ते एक राह्यलंच," शहादेव पुढच्या म्हशीखाली बसत म्हणाला. "ते खिडकीचं काय सांगत व्हतास त्या दिशी? तेलाच्या? मधीच गिऱ्हाईक आलं दुधाचं. म्होरचं ऐकायचं राह्यलं."

मी उलटी बादली घेऊन त्याच्याजवळ बसलो आणि सांगायला लागलो. की माल सगळ्यांतच असतो, पण ऊब बेताची लागते. साधारण चाळीस अंशांना तेल व्हायला लागतं...

"साठ," दारातून उज्ज्वला म्हणाली.

साठच होतं. मी दुरुस्त केलं आणि पुढं सांगत राहिलो, आणि शहादेव धार काढता काढता हूं हूं करत राहिला.